मेलर डीमनचा पत्ता

चुकीच्या पत्त्यावर कधी ना कधी मेल पाठवलेल्या प्रत्येकाला हा गृहस्थ भेटलेला आहे. नाव मेलर डीमन. विषय इंग्रजीत, खाली लांबलचक अगम्य मजकूर, आणि शेवटी आपलाच मेल शेपटीसारखा जोडलेला. बहुतेक जण न वाचताच डिलीट करतात. काही जण व्हायरस समजून घाबरतात.

डीमन म्हणजे भूतबित काही नाही. १९६३ साली एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकच्या लोकांनी पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रामला हे नाव दिलं. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेला, रेणू निवडत बसणारा एक डीमन भौतिकशास्त्रात आहे, त्याच्यावरून. आपला डीमन रेणूंऐवजी टपाल बघतो, इतकंच.

आता मुद्दा असा, की हा डीमन जे पत्र पाठवतो त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणता असावा? आमच्या नातेवाइकांपैकी दहा-बारा जणांचे पत्ते एका छोट्या सर्व्हरवर आहेत आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. म्हणून हा प्रश्न मला पडला. एरवी कुणाला पडावा!

ईमेललाही पाकीट आणि आतलं पत्र असे दोन भाग असतात, हे आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतो तो आतल्या पत्रावरचा 'फ्रॉम'. पाकिटावरचा पत्ता फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात, आणि मेल पोचला नाही तर तक्रार त्या पत्त्यावर जाते. परत आलेल्या मेलच्या पाकिटावर ही जागा चक्क रिकामी ठेवायची असते. दोन कंस, मध्ये काही नाही. १९८२ च्या आरएफसी ८२१ पासून ही पद्धत आहे आणि २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही ती कायम आहे.

कारण साधं आहे. समजा परतीचं पत्रही पोचलं नाही, तर? त्याच्या तक्रारीचं पत्र, मग त्या तक्रारीची तक्रार... दोन सर्व्हर रात्रभर एकमेकांना 'सापडला नाही, सापडला नाही' कळवत बसतील. रिकाम्या जागेचा अर्थ, 'हे पोचलं नाही तर आता कुणालाही कळवू नका.' सुट्टीवर असल्याचं आपोआप जाणारं उत्तरही याच खुणेमुळे थांबतं. त्या जागेला हात लावायचा नाही.

पण आतल्या पत्रावरचा 'फ्रॉम' माणसासाठी असतो, आणि तिथे काय लिहायचं हे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात असतं. एक्झिममध्ये त्यासाठी 'डीएसएन फ्रॉम' नावाची एक ओळ आहे. आमच्याकडे पोस्टफिक्स आहे. त्यात 'बाउन्स टेम्प्लेट' नावाची फाइल लिहून फ्रॉम, विषय आणि वरचा मजकूर असं सगळं बदलता येतं. मी बरेच दिवस तिकडे गेलोच नव्हतो. चालतंय ते चालू दे.

मग एक दिवस आत्याचा मेल आला. मला नाही, मेलर डीमनला! त्या नावाने आलेलं पोस्टमास्तरकडे आणि पोस्टमास्तरचं माझ्याकडे, अशी सोय सर्व्हरवर असतेच. आत्या निवृत्त शिक्षिका. तिने लिहिलं होतं, "महोदय, माझी तीन पत्रे आपण परत पाठवलीत. पत्ता बरोबर आहे, गेली चार वर्षे त्यावरच लिहिते आहे. माझ्या मैत्रिणीने पत्रे घेऊ नका असे सांगितले आहे का? तसे असल्यास स्पष्ट कळवावे, म्हणजे मी पुन्हा लिहिणार नाही."

वाचून मला हसू आलं नाही. शाळेपासूनची मैत्रीण रुसली, असं समजून ही बाई किती दिवस गप्प बसली असेल! त्या इंग्रजी मजकुरात कारण स्पष्ट होतं, ५.२.२, म्हणजे पेटी भरली आहे. पण ते तिला कोण सांगणार? मी लगेच फोन केला. म्हटलं, "आत्या, कुणी नाही म्हटलेलं नाही गं. त्यांची पेटी भरलीय. तू सरळ फोन कर." तिने केला. मैत्रिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दोन महिने कॉम्प्युटर बंद. दोघी तासभर बोलल्या म्हणे.

त्या रात्री मी टेम्प्लेट लिहायला बसलो. नोरिप्लाय घालणं सोपं होतं. पुष्कळ ठिकाणी तेच असतं. पण तसं असतं तर आत्याचं ते पत्र कुठेच पोचलं नसतं. म्हणून फ्रॉममध्ये पोस्टमास्तरचा खरा पत्ता घातला. नाव साधं रोमन लिपीत ठेवलं, पण मजकूर यूटीएफ-८ करून मराठीत लिहिला, "तुमचं पत्र पोचलं नाही. कारण खाली इंग्रजीत आहे. कळलं नाही तर याच मेलला उत्तर द्या, घरचंच माणूस वाचतं."

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. आपल्याकडे नसलेल्या नावाचा मेल बाहेरून आला तर तो दारातच नाकारायचा. आधी घ्यायचा आणि मग परत पाठवायचा, असं केलं तर स्पॅमवाल्यांनी ज्याचं खोटं नाव लावलेलं असतं त्या बिचाऱ्यावर आपली परतीची पत्रं जाऊन आदळतात. माझ्या मराठी चार ओळी फक्त घरच्यांनाच जाव्यात, ही त्यातली गोम.

तेव्हापासून महिन्याला एखाद-दुसरं उत्तर येतं. काका विचारतात, "पत्त्यात स्पेस चालत नाही का रे?" मावसबहीण विचारते, "फोटो किती मोठा चालेल?" पाच मिनिटांचं काम असतं. यंत्राला यंत्राशी बोलताना ती रिकामी जागा हवीच, पण माणसाला पत्र परत करताना मागे कुणीतरी असावं असं मला वाटतं.

तुम्हालाही असं पत्र आलं तर डिलीट करण्याआधी तो तीन आकड्यांचा कोड तेवढा बघा. पाचाने सुरू झाला तर पुन्हा तसाच पाठवून उपयोग नसतो. आणि माणूस जवळचं असेल तर कोडबिड राहू द्या, सरळ फोन लावा.