वजाबाकीत उरतं ते

काय काम करता असं सुरतेत कुणी विचारलं, की मी ‘वजाबाकी’ म्हणतो. समोरचा हसतो. काकरापारच्या अणुवीज केंद्राचं नाव काढलं, की मात्र ऐकून घेतो.

अणुकेंद्रकांच्या बंधनऊर्जांचा तक्ता समोर घ्यायचा. निऑन-२० ची १६०.६४ एमईव्ही, दोन न्यूट्रॉन कमी असलेल्या निऑन-१८ ची १३२.१४. फरक २८.५०, ही त्या दोन न्यूट्रॉनांची पकड. आता दोन प्रोटॉनही काढून ऑक्सिजनवर तोच हिशेब: १३९.८१ वजा १२७.६२, म्हणजे १२.१९. न्यूट्रॉन तितकेच, पण ते दोन प्रोटॉन सोबत नाहीत, तर पकड निम्म्याहूनही कमी! दोन्हींतला फरक १६.३१, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांच्यातल्या चार नात्यांत वाटला, की प्रत्येकी ४.०८. निऑन-२२ साठी हाच आकडा १.३९ वर येतो. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची संख्या सारखी असली, की शेवटचे प्रोटॉन-न्यूट्रॉन एकाच जातीच्या कक्षेत असतात, म्हणून निऑन-२० ची ही उसळी.

युरेनियमपाशी पोचलं, की एकूण बंधनऊर्जा १८०० च्या घरात आणि उत्तर एकाहूनही लहान. कापडाचे तागे भरलेला ट्रक काट्यावर चढवून ड्रायव्हरच्या खिशातली बिडी तोलण्यातला प्रकार. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याची त्रुटी लिहायची. ती उत्तराहून मोठी निघाली, तर मुकाट्याने ओळ खोडायची.

न्यूट्रॉन-न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन-प्रोटॉन अशा सजातीयांच्या जोडीचा हिशेब याहून सोपा, आणि वीज त्याच्यावर चालते. युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन १४३, एक एकटा. बाहेरून आलेला संथ न्यूट्रॉन त्याच्याशी जोडी जमवतो आणि ६.५ एमईव्ही मोकळे होतात. फुटायला साधारण सहा लागतात. २३८ मध्ये १४६, सगळे आधीच जोडीत. तिथे नवख्याला ४.८ च मिळतात, केंद्रक फुटत नाही. काकरापारला नैसर्गिक युरेनियम जाळतात. त्यात २३५ जेमतेम ०.७ टक्का, तरी २२० मेगावॅटच्या जुन्या आणि ७०० च्या नव्या भट्ट्या त्याच्या जोरावर चालतात. न्यूट्रॉन संथ करणाऱ्या जड पाण्यातला ड्युटेरियम म्हणजे एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, बंधन फक्त २.२२, केंद्रकाबाहेर दोन नुसते न्यूट्रॉन तर एकत्र टिकतही नाहीत.

आमच्या अभ्यासक्रमात जोडीऊर्जा बंधनऊर्जेच्या सूत्राच्या शेपटाला येते, आणि पोरं ती गाळतात. मला हा क्रमच उलटा वाटतो. शिकवणाऱ्यांनी आधी कथिलाचे आकडे फळ्यावर मांडावेत. शेवटचा न्यूट्रॉन काढायला ११७ ला ६.९, ११८ ला ९.३, ११९ ला ६.५, १२० ला ९.१ एमईव्ही. आलेख पोरांना हाताने काढू द्या, सूत्र दुसऱ्या दिवशी सांगा.