कुलूपबंद प्रबंध

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालविणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी, त्यांच्या चिरंजीवाने येथे जर्मनीत श्टुटगार्टला एका कंपनीत राहून लिहिलेल्या मास्टर्सच्या प्रबंधाची प्रत एकदा नजरेखालून घालावी, अशी इच्छा फोनवर व्यक्त केली. आणि ती देता येणार नाही हे त्यांना समजावून सांगताना मनाला जी टोचणी लागली, तिनेच हा मजकूर लिहविला आहे.

हा प्रबंध साधारणतः सहा महिन्यांचा व ३० क्रेडिटचा असतो. अभियांत्रिकीचे पुष्कळ विद्यार्थी तो कंपनीतच करतात. विषय कंपनीचा, यंत्रसामग्री कंपनीची, गुण देणारे मात्र प्राध्यापक. अशा प्रबंधाच्या आरंभीच बहुधा एक कलम छापलेले असते, ज्याला विद्यार्थी ‘श्पेरफेरमेर्क’ म्हणतात: हा दस्तऐवज गोपनीय असून ठरावीक मुदतीपर्यंत, बहुधा दोन ते पाच वर्षे, परीक्षकांखेरीज कोणाही इसमास दाखवू नये.

कंपनीची बाजू अगदीच निराधार नाही. पेटंटचा अर्ज दाखल होण्यापूर्वी शोध जगजाहीर झाला, तर युरोपात तो नवा मानला जात नाही आणि हक्क बुडतो. तेव्हा अर्ज होईपर्यंत मौन पाळावे, यास कोणाचीही हरकत नसावी. परंतु अर्ज झाल्यावरही वर्षानुवर्षे कुलूप कशासाठी? याच देशात डॉक्टरेटचा प्रबंध प्रसिद्ध केल्यावाचून ती पदवी पदरात पडत नाही, कारण विद्या ही दहाजणांनी पारखून घ्यावयाची वस्तू आहे असे येथील विद्यापीठे मानतात. मास्टर्सला मात्र तसे बंधन नसल्याने सारा भार या पंचविशीतल्या मुलांवर येतो. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी परदेशी विद्यार्थ्यास जास्तीत जास्त १८ महिने मिळतात, आणि नेमक्या त्याच काळात त्याचे सर्वोत्तम काम दप्तरात मोहोरबंद पडून असते.

आमच्या सोलापुरी चादरीचा दाखला मला येथे राहून राहून आठवतो. सूत कारखानदाराचे, माग कारखानदाराचा, नाव कारखान्याचे. नक्षी कागदावर उतरविणारा, जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडणारा आणि मागावर उभा असलेला विणकर यांपैकी कोणाचेही नाव तिच्यावर नाही, आणि हा अन्याय मी कधीच समर्थनीय मानलेला नाही. तथापि ती चादर बाजारात उघडी होते, वीण कळणारा माणूस ती उलटून दोन्ही अंगांनी पाहतो, काठ बोटांनी चाचपतो, नक्षीतला मोर नीट उतरला आहे की नाही ते सांगतो, आणि त्या पारखीने मागावरच्या माणसाला निदान आपले काम कसे उतरले ते तरी कळते. प्रबंध लिहिणाऱ्याच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

म्हणून पुढील सत्रात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, करारनाम्यावर सही करण्यापूर्वी मसुदा प्राध्यापकांना दाखवावा. काही विद्यापीठे अशा कलमांची मुदत आखून देतात, काही ती मान्यच करीत नाहीत. गोपनीय आकडे व आराखडे स्वतंत्र परिशिष्टात घालून मुख्य प्रबंध खुला ठेवण्याची तरतूद मागावी. पद्धत, युक्तिवाद आणि निष्कर्षाची दिशा यांतूनच लिहिणाऱ्याची कुवत दिसते, आणि ती दाखविण्यासाठी आकड्यांची गरज क्वचितच पडते. मोबदल्याची रक्कम लेखी घ्यावी, कारण केवळ प्रबंध लिहिणाऱ्यास किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. शोधाविषयीचे कलम तर दोनदा वाचावे: नोकरदाराने लावलेल्या शोधाबद्दल कंपनीने त्याला मोबदला द्यावा असा १९५७ चा कायदा येथे आहे, परंतु निव्वळ प्रबंधासाठी आलेला विद्यार्थी नोकरदार नसतो, त्यामुळे त्याचा शोध मुळात त्याचाच असतो, आणि करारनाम्यातील एखाद्या ओळीने तो मोबदल्याविना कंपनीच्या नावे होऊ शकतो. ती ओळ असेल, तर तिच्यापुढे ‘नोकरदारास मिळतो तोच मोबदला देऊन’ एवढे शब्द घालून घ्यावेत.