रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं दुखतंय

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ हे ऐकून आई म्हणाली, ‘देवाची कृपा!’ मला मात्र रडू आलं. आठ महिने डोकं दुखत होतं आणि आता त्याला पुरावाही उरला नव्हता.

आमच्या निपाणीत बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर विड्या वळतात. त्यांची मान दुखते यावर कुणी शंका घेत नाही. कारण डोळ्यांना दिसतं. माझं दिसत नव्हतं, म्हणून ‘टेन्शन घेतेस’, ‘मोबाईल कमी कर’.

पुढे बेळगावच्या एका डॉक्टरांनी समजावलं. शरीरात कुठं इजा नसली तरी मज्जासंस्था दुखण्याचा इशारा देत राहू शकते. अपुरी झोप, काळजी, नुसतं पडून राहणं यांनी तो वाढतो. म्हणजे दुखणं खरंच असतं. उपाय सावकाशीचे: ठरल्या वेळी झोप, रोज थोडं चालणं, आणि पूर्ण बरं वाटायची वाट न बघता कॉलेज, आधी दोन तास, मग चार. नवीन काही जाणवलं तर पुन्हा तपासणी.

आविलाच्या संत तेरेजा १५७७ मध्ये ‘इंटीरियर कॅसल’ लिहायला बसल्या, तेव्हा तीन महिने डोक्यात आवाज घुमत होता, असं त्यांनीच सुरुवातीला सांगितलंय. हे वाचून मला सोबत मिळाली.

माझं डोकं अजून अधूनमधून दुखतं. वर्गात कुणी असं म्हणालं, तर ‘रिपोर्ट काय आला?’ नको. ‘नोट्स पाठवू का?’ विचारा.