ग्रीन कार्डा, तुला नुसती हजेरी चालत नाही

प्रिय ग्रीन कार्डा,

तू हातात पडलंस तेव्हा सुटलो एकदाचा, असं वाटलं होतं. एच-वनवर असताना स्वतःची कंपनी काढायची म्हणजे वकिलाची परवानगी घेऊन शिंकायचं. तू आलंस आणि मी कामाला लागलो. कंपनीची नोंदणी डेलावेअरला, घर एडिसनला, इंजिनिअर बाणेरला आणि मोठे ग्राहक सिंगापूरला. तेव्हापासून माझ्या बोर्डिंग पासांवर तुझा डोळा आहे.

आमच्याकडे एक सल्ला फुकट मिळतो. 'सहा महिन्यांच्या आत एकदा पाय लावून जा, काही होत नाही.' एडिसनमधला प्रत्येक काका छातीठोकपणे हेच सांगतो. १९७५ सालचा एक निकाल मात्र या काकांच्या गावी नसतो. जमैकात लॉज चालवणारी एक बाई वर्षाचे अकरा महिने तिकडे राहायची आणि महिनाभर अमेरिकेत येऊन जायची. पाय तर ती दरवर्षी लावत होती! तरी तिने इथलं वास्तव्य सोडल्याचं ठरलं. धंदा तिकडे, राहणंही तिकडे. मग इथे ती पाहुणीच, असा हिशेब.

हा हिशेब मला छळतो. बाणेरचं ऑफिस वाढलं की गुंतवणूकदार पाठ थोपटतात आणि विमानतळावरचा अधिकारी तेवढ्याचसाठी भुवई उंचावतो. 'किती दिवस बाहेर होतात? तिकडे काय करता?' दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर जितकं अभिमानाचं, तितकं अडचणीचं. मग फाइल उघडायची: घराचा भाडेकरार, विजेचं बिल, मुलांची शाळा, टॅक्स रिटर्न. रिटर्नवरून आठवलं. कर वाचवायला 'नॉन-रेसिडेंट' म्हणून ते भरणारे महाभाग असतात. तुला सोडल्याचा पुरावा ते स्वतःच लिहून देतात!

तुझी पळवाट मला ठाऊक आहे. फॉर्म आय-१३१ भरला की री-एंट्री परमिट मिळतं, सहसा दोन वर्षांचं. पण अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, सिंगापूरच्या हॉटेलातून नाही. शिवाय परमिट असूनही वर्षभर बाहेर राहिलो, तर नागरिकत्वासाठी धरलेलं सलग वास्तव्य तुटतंच. ते वाचवायला एन-४७० आहे, पण त्याआधी ग्रीन कार्डावर एक अख्खं वर्ष अमेरिकेबाहेर पाऊल न टाकता काढलेलं हवं. स्टार्टअपवाल्याला एक वर्ष एका जागी बसवणारा नियम ज्याने लिहिला, त्याने कधी ग्राहक गाठला नसावा.

इथे खरंच घर असेल तर तू सांभाळून घेतंस, हे मान्य. म्हणून घर एडिसनलाच ठेवलंय आणि बाणेरला आता एक जबाबदार मॅनेजर नेमतोय. दर अडचणीला मी धावून जायचं हे बंद. आणि उद्या कुणी अधिकाऱ्याने आय-४०७ पुढे सरकवलाच, तर मी सही करणार नाही. त्या कागदावर सही म्हणजे तुला स्वखुशीने सोडणं, आणि त्याची सक्ती नसते. मी इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाईन. मी तुला सोडलं, हे तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं.

तुझा,
सध्या गेट नंबर शोधणारा