अब्बांचा कॉम्प्टन

आमच्या नेरूळच्या घरात कपाटाच्या वरच्या खणात एक अल्बम आहे. पाहुण्यांना तो आम्ही सहसा दाखवत नाही. दाखवला की ते पहिला प्रश्न विचारतात, "ह्याचे आता किती येतील?" आणि आम्ही ओशाळतो, कारण फारसे येत नाहीत.

अल्बममध्ये सिगारेटची कार्डे आहेत. आमच्या घरात आजवर कुणी सिगारेट ओढली नाही, निदान उघडपणे तरी नाही. कार्डे आली ती अब्बांच्या मामूंकडून. ते बोटीवर सलूनमध्ये नोकरीला होते. त्या काळी विलायती सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत. आतला माल चेपू नये म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आले की त्या पुठ्ठ्यावर चित्र छापावे, मागे चार ओळी माहिती द्यावी, आणि पन्नास चित्रांचा संच करावा. म्हणजे संच पुरा करण्यासाठी माणूस ओढतच राहील. बोटीवरचे साहेब सिगारेट ओढत आणि पाकीट कार्डासकट फेकून देत. मामू ती कार्डे वेचत आणि मुंबईला उतरले की डोंगरीला गावकीच्या खोलीवर येऊन भाच्याच्या हातावर ठेवत. १९४० साली युद्धामुळे विलायतेत कागदाची टंचाई झाली आणि कार्डे बंद पडली. तोवर अब्बांचा पत्र्याचा डबा अर्धा भरला होता.

त्या डब्याचा राजा होता डेनिस कॉम्प्टन. जॉन प्लेअर कंपनीच्या १९३८ च्या क्रिकेटपटूंच्या संचातले कार्ड. त्याच वर्षी विसाव्या वर्षी त्याने नॉटिंगहॅमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक ठोकले होते. पण अब्बांना त्याचे कौतुक वेगळ्याच कारणासाठी होते. हा माणूस उन्हाळ्यात मिडलसेक्सकडून क्रिकेट खेळे आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून डाव्या बगलेला फुटबॉल. दोन्हीकडे पगारी. १९४७ च्या एका मोसमात त्याने ३८१६ धावा आणि १८ शतके काढली. १९४८ मध्ये आर्सेनलने लीग जिंकली त्या संघात तो होता, १९५० मध्ये एफ. ए. कप जिंकला त्यातही होता. त्याचा थोरला भाऊ लेस्ली हादेखील दोन्ही संघांत. अब्बा हे सांगताना आमच्याकडे आणि भाईजानकडे आळीपाळीने पाहत. आम्हा दोघा भावांचे तेव्हा एकाही खेळात जमत नव्हते.

असे वल्ली सगळीकडे असतात. अमेरिकेत हाच नाद बेसबॉलच्या कार्डांचा आहे. तिथे जीन कॉनली नावाचा उंच गडी १९५७ साली मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या अजिंक्य बेसबॉल संघात होता आणि १९५९ पासून सलग तीन वर्षे बोस्टन सेल्टिक्सच्या अजिंक्य बास्केटबॉल संघात. त्याची दोन्ही खेळांची कार्डे जमवणारे लोक आहेत. आपल्याकडे चुनी गोस्वामी. १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या फुटबॉल संघाचे कप्तान, आणि दहाएक वर्षांनी रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचेही कप्तान. त्यांच्यावर २०२० मध्ये टपाल तिकीट निघाले. ते आम्ही अल्बमच्या शेवटच्या पानावर लावले आहे. कार्ड नाही तर तिकीट, आपल्याला काय!

तर कॉम्प्टनच्या कार्डाची खरी कथा मागच्या बाजूला होती. छापील मजकुराखाली बोटभर जागा कोरी होती. तिथे अब्बांनी निळ्या शाईने लिहिले होते: २४९, ब्रेबॉर्न.

युद्धाच्या काळात कॉम्प्टन सैन्यातर्फे मध्य भारतात महूला होता. महू इंदूरच्या शेजारी, म्हणून होळकरांच्या संघाने त्याला रणजीसाठी घेतले. मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्नवर मुंबई विरुद्ध होळकर अंतिम सामना झाला. सी. के. नायडू कप्तान. विजय मर्चंटने दुसऱ्या डावात २७८ काढले आणि होळकरांपुढे ८६७ धावांचे डोंगराएवढे लक्ष्य राहिले. मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्यात १३९ केल्या. कॉम्प्टन एका टोकाला उभाच राहिला. होळकर ४९२ वर सर्वबाद, कॉम्प्टन नाबाद २४९. मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

अब्बा म्हणत, तो डाव आम्ही डोळ्यांनी पाहिला. ते तेव्हा सतरा वर्षांचे, गोदीत रोजंदारीवर. ते सांगत की शेवटी शेवटी मुंबईचेच लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागले. खिशात कार्ड होते, ते काढून शेजारच्याला दाखवले, "हाच तो," म्हणून.

भाईजानना हे कधीच पटले नाही. त्यांचे म्हणणे, त्या मार्चमध्ये अब्बा हिवतापाने खोलीवर पडून होते. हे त्यांना कुणी सांगितले, ते सांगत नाहीत. "२४९ काय, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कुणीही लिहील," असे ते म्हणत. अब्बा १९९१ साली गेले, पण वाद चालू राहिला. दर ईदला शीरखुर्म्याबरोबर तोही वाढला जाई. तरी डबा दोघांचा होता. भाईजान कुवेतला होते तेव्हा सुट्टीवर आले की आम्हाला घेऊन चोरबाजार धुंडाळत. त्यांना फुटबॉलच्या वेषातला कॉम्प्टन हवा होता. तो मिळाला नाही. एकदा एका रद्दीवाल्याने लेस्लीचे कार्ड म्हणून भलत्याच गोऱ्याचे कार्ड विकले आणि आम्ही दोघे महिनाभर खुशीत होतो.

२६ जुलै २००५ ला आम्ही कळंबोलीला तळमजल्यावर राहत होतो. पाणी शिरले तेव्हा आधी अम्मीला वरच्या मजल्यावर नेले, मग गादी, मग शिधापत्रिका. डबा पलंगाखाली होता. तिसऱ्या दिवशी उघडला. बरीचशी कार्डे एकमेकांना चिकटून त्यांचा पुठ्ठाच झाला होता. टीपकागद घालून, वर डिक्शनरी ठेवून वाळवली, तेव्हा चौदा वाचली. कॉम्प्टन वाचला. छपाईची शाई पक्की होती, चित्राला एका कोपऱ्यापलीकडे काही झाले नाही. मागची अब्बांची शाई मात्र साधी, दौतीतली. तिथे एक निळा डाग उरला.

भाईजानना फोन केला. आम्हाला वाटले, आता ते म्हणतील, बरे झाले, वाद मिटला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाग आहे ना? पुसू नकोस."

आता आम्ही नेरूळला तिसऱ्या मजल्यावर. इथून डी. वाय. पाटील स्टेडियमचा गलका ऐकू येतो. ते मैदानही दुहेरी आहे: आयपीएलची पहिली अंतिम लढत २००८ साली तिथेच, आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉलचे सामनेही तिथेच. ३० ऑक्टोबर २०२५ ला महिलांच्या विश्वचषकाची उपांत्य लढत झाली, तेव्हा आम्ही नातीला घेऊन गेलो. ऑस्ट्रेलियाच्या एलिस पेरीने ७७ धावा केल्या. नातीला सांगितले, ही २०११ च्या फुटबॉल विश्वचषकातही खेळली, गोलसुद्धा केला. नात म्हणाली, "आणि आपली जेमिमा महाराष्ट्राकडून हॉकी खेळायची, माहीत नाही का दादा?" त्या रात्री जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून सामना जिंकला. आम्ही तिकिटाच्या मागे १२७ लिहून ठेवले. बॉलपेनने.

ते तिकीट पाहून पुतण्याने, म्हणजे भाईजानच्या मुलाने, लंडनहून तोच १९३८ चा कॉम्प्टन पाठवला. कोरा करकरीत, कोपरे धारदार. दोघे आता एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत. नव्याच्या मागची बोटभर जागा कोरी आहे. लिहावे का, म्हणून भाईजानना फोन लावला. ते आता खेडला, गावच्या घरी असतात.

ते म्हणाले, "थांब. दादीच्या ट्रंकेत मनीऑर्डरची कूपने सापडलीत. मार्च ४५ चे आहे. बाकीच्या महिन्यांपेक्षा दोन रुपये कमी पाठवलेत."

"बघा," आम्ही ओरडलोच, "मॅच पाहिली!"

"हिवतापाने खाडे झाले असतील," भाईजान म्हणाले.

आम्ही म्हटले, कूपन पाठवून द्या, कार्डाच्या मागे लावतो. ते म्हणाले, "झेरॉक्स पाठवतो. अस्सल इथेच राहील."