तळाचे सोबती

मुलांनो, काचेच्या टाकीत मासे पाळलेल्या घरात गेलात, तर एक गोष्ट पाहा. झुपकेदार शेपटीचे रंगीत मासे वर फिरत असतात आणि सगळे त्यांच्याकडेच पाहतात. खाली वाळूत मिशा खुपसून अन्न शोधणाऱ्या माशाकडे कोणाचे लक्ष नसते. मला तोच जास्त आवडतो. मराठीतला 'तळ' म्हणजे तुमच्या उर्दूतली 'तह'. मराठीत मात्र 'तह' म्हणजे सुलह. परीक्षेत गोंधळ करू नका!

बेटेगावला आमच्या घरी तीन फुटांची टाकी आहे. तिच्यात दक्षिण अमेरिकेतल्या जातीचे कोरिडोरास आहेत आणि आपल्याकडच्या ओढ्यांत सापडणाऱ्या मुऱ्याही आहेत. मुरी बोटाएवढी, लांबट, ठिपक्याठिपक्यांची. घाबरली की वाळूत शिरते आणि फक्त डोळे बाहेर ठेवते.

दुकानदार सांगतात, "हा मासा घाण खातो, टाकी साफ ठेवतो." मला हे मुळीच पटत नाही. हा मासा उरलेले अन्न खातो, पण त्याची विष्ठाही पाण्यातच पडते. विष्ठा आणि कुजलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा आहे. गाळणीत वाढणारे उपयोगी जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत एकदम खूप मासे सोडू नयेत. तळमाशांना बुडणारी गोळी वेगळी द्यावी, तीही रात्री दिवा मालवल्यावर.

तळाला बारीक, धुतलेली वाळू हवी. धारदार खडीने मिशा झिजतात आणि जखमेत जंतू शिरतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी नळीने तळातून ओढून काढावे. नवे पाणी नळाचे असेल, तर क्लोरीन काढण्याचे औषध घालून मगच ओतावे. औद्योगिक वसाहतीजवळच्या नाल्याचे पाणी तर टाकीत कधीच घालू नये.

एका जुलै महिन्यात आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती. हवेचा पंप बंद पडला, पाणीही गार झाले. तीन दिवसांनी एका मुरीच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. ती दगडावर अंग घासत होती. अम्मी म्हणाली, "बिचारीला खाज सुटली आहे." अम्मीचे निदान बरोबर होते. हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. तो पोसला की माशावरून गळून तळाशी पडतो, तिथे त्याचे शेकडो जीव होतात आणि ते नवा मासा शोधत पोहतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या जिवांवर. म्हणून ठिपके गेले तरी औषध काही दिवस चालू ठेवावे लागते. मुरीचे खवले अगदी बारीक असल्याने तिला औषध सोसत नाही. मी अर्धीच मात्रा दिली, पाणी हळूहळू कोमट केले, पंप जोरात लावला आणि रोज तळ ओढून काढला. पाच मुऱ्यांपैकी चार वाचल्या.

तेव्हापासून नवा मासा आला की तो तीन आठवडे वेगळ्या टाकीत राहतो. मुले कुरकुर करतात, करू देत.

कोरिडोरास मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो. ती हवा तो आतड्यातून वापरतो, त्यात काळजीचे काही नाही. पण सगळेच मासे पुन्हापुन्हा वर येऊ लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे असे समजा.

आणखी एक. दुकानात 'सकर' नावाचा काळपट मासा मिळतो. तो फूटभर वाढतो, मग लोक कंटाळून त्याला नदीत सोडतात. आंध्र प्रदेशातल्या जलाशयांत आणि कोलकात्याजवळच्या पाणथळ भागांत तो असाच पसरला आणि मच्छीमारांची जाळी फाडू लागला. आपल्या सूर्या नदीत मुऱ्यांसारख्या लहान माशांना त्याचा शेजार नको. तुमच्याकडे असला आणि टाकी लहान पडली, तर दुकानदाराला परत द्या.