शहराआधीचे गाव

‘उपनगर’ हा शब्द मला नेहमीच थोडा उद्धट वाटत आला आहे. ‘उप’ लागला की जागा आपोआप दुय्यम ठरते. भिंगारच्या बाबतीत तर तो इतिहासालाही धरून नाही. मलिक अहमदने बहामनी फौजेचा पराभव केला तो १४९० मध्ये, भिंगारच्याच परिसरात. त्यानंतर सीनेकाठी त्याच्या नावाचे शहर उभे राहिले. म्हणजे गाव आधी, शहर मागाहून. १७०७ मध्ये औरंगजेबाचा अंत झाला तोही इथल्याच मुक्कामात. देह खुलताबादला गेला, भिंगारकडे ‘आलमगीर’ हे नाव तेवढे उरले.

पुढे इंग्रजांनी गावालगत छावणी वसवली. १९४८ मध्ये रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला आले. गावाच्या पोटापाण्याच्या वाटा हळूहळू छावणीच्या आणि शहराच्या दारातून जाऊ लागल्या.

मीही त्याच वाटेने रोज नगरला मराठी शिकवायला जातो. अंतर इतके थोडे की त्याला प्रवास म्हणणे जड जावे. तरी सकाळी गाव ओसरते आणि संध्याकाळी भरते. पुण्यात कोणी विचारले तर आम्ही सारे ‘नगरचे’ असतो. घरातून निघताना मात्र ‘नगरात जाऊन येतो’ असेच म्हणतो. त्या सप्तमीच्या प्रत्ययात आपण शहराबाहेरचे आहोत, ही जाणीव अजून शिल्लक आहे.

भिंगारचा कारभार महापालिकेकडे नव्हे, तर कटक मंडळाकडे राहिला. घरावर मजला चढवायचा तरी बंधने आडवी येतात. २०२३ मध्ये हिमाचलातील योलची छावणी रद्द झाली आणि छावण्यांचे नागरी भाग पालिकांकडे सोपवण्याचे धोरण पुढे आले. भिंगारकरांना त्यात सुटका दिसते, आणि ती आशा रास्तच आहे. पण सावेडी, केडगाव हीही एकेकाळी गावेच होती. माझ्या वर्गातील तिथल्या मुलांना ती आता केवळ शहराची टोके वाटतात. सोयींबरोबर विस्मरणही येत असेल, तर त्याचा हिशेब कोणत्या मंडळाने ठेवायचा?

शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. गावाचे भिंगारच राहिले. पाणी यावे, परवाने मिळावेत, कराची पावती कोणाचीही असो. फक्त पत्ता लिहिताना ‘भिंगार’ ही ओळ शहराच्या आधी यावी. कालक्रमही तोच आहे.